बिस्किटांच्या डब्यातल्या वाती

मी नक्की काय शिकते आहे हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही येत नव्हतं. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी आणखी दोन वर्षांचं प्रशिक्षण घेत होते. शरीराच्या दुखण्यात माणसाच्या मनाचं काय होतं, आणि मनाला हाताशी धरून शरीराला काही मदत करता येते का, असा तो विषय. ऐंशीच्या दशकात पार्ल्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना हे समजावून सांगायला गेलं की एकच प्रश्न यायचा, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं तू?" त्यावर वडील म्हणत, "नाही हो, शहाण्यांची. वेड्यांचे डॉक्टर वेगळे." आई "हॉस्पिटलात असते" एवढंच सांगून विषय संपवायची.

दुसऱ्या वर्षी मला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात पाठवलं. अंधेरीहून पवईच्या तलावाकाठून जाणारी एक बस पकडायची, मग पुढे दुसरी. मैत्रिणी हळहळल्या, "वाट लागली गं तुझी, पार दुसऱ्या टोकाला." मला मात्र तो प्रवास मनापासून आवडायचा. सकाळी उलट्या दिशेला जायचं असल्यामुळे खिडकी मिळायची. मांडीवर हॉस्पिटलसाठी उसना घेतलेला टेपरेकॉर्डर, पिशवीत डबा, आणि डोक्यात आपण आता माणसांची भीती घालवायला निघालो आहोत हा भाव. तेवीस वर्षांच्या मुलीला याहून काय हवं असतं? मी फार सुखात होते, आणि थोडी शिष्टही होते.

टेपरेकॉर्डरची गोष्ट अशी. रक्तदाबाच्या, दम्याच्या, ऑपरेशनला घाबरणाऱ्या पेशंटना अंग सैल सोडायला शिकवायचं, हे आमच्या कामातलं मुख्य काम होतं. त्याच्या कॅसेटी इंग्रजीत होत्या. मी त्यांचं मराठी केलं आणि माझ्याच आवाजात कॅसेट भरली. "आता आपल्या उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. आता सावकाश सैल सोडा. कल्पना करा, आपण एका शांत समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात..." ते 'पहुडला आहात' मला तेव्हा इतकं आवडलं होतं की घरी दोनदा वाजवून दाखवलं. वडील ऐकता ऐकता झोपले, त्यामुळे माझा आत्मविश्वास आणखीच वाढला.

त्या हॉस्पिटलात माझी पहिली पेशंट होती भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत राहणारी एक बाई. वय चाळिशीचं, मूळची मालवणकडची, अंगाने बारीक. नवरा गिरणीत होता, संपात गिरणी गेली ती गेलीच. आता तो एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता. बाईंच्या गर्भाशयात गाठी झाल्या होत्या. दोन वर्षं रक्त जात होतं, कधी महिन्यातले आठ दिवस, कधी वीस. चेहरा पांढराफटक पडलेला. गर्भाशयाची पिशवी काढून टाकणं हाच उपाय होता आणि ऑपरेशन करायला सर्जन तयारही होते. अडचण एकच होती. बाई ऑपरेशनसाठी दाखल झाल्या की त्यांचा रक्तदाब असा चढायचा की भूल देणारे डॉक्टर हात वर करायचे. गोळ्या दिल्या, वाढवल्या. तरी तीन वेळा त्या कपडे बांधून आल्या आणि तीन वेळा तशाच घरी परत गेल्या. हिमोग्लोबिन उतरत चाललं होतं. सर्जन मला म्हणाले, "अजून महिना-दीड महिना थांबू शकतो. त्याच्यापुढे मला भीती वाटते. तुमचं ते जे काय आहे ना, ते करून बघा."

'तुमचं ते जे काय आहे' घेऊन मी कामाला लागले. ओपीडीच्या टोकाला, तुटक्या वजनकाट्याशेजारी, पडदा लावून मला एक खाट दिली होती. बाईंना झोपवलं, कॅसेट लावली. मूठ आवळा म्हटल्यावर त्यांनी आवळली, सोडा म्हटल्यावर सोडली. फार आज्ञाधारक पेशंट! समुद्रकिनारा आला तशा मात्र त्यांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"काय नाय बाई. किनाऱ्यावर कोण झोपता? आमच्याकडे थंय सुकट वाळत घालतत. कावळे राखूक बसाचा लागता."

"बरं, मग किनारा सोडा. दुसरं काहीतरी आठवा."

"कावळे इले ना आता डोक्यात," त्या अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या.

सिस्टरने रक्तदाब घेतला. होता त्याहून चढलेला निघाला. मी कॅसेट घरी नेली, किनारा पुसला आणि तिथे बाग घातली. बाईंना सांगितलं की हा टेप आठवडाभर घरी न्या आणि रोज दुपारी वीस मिनिटं आडवं पडून ऐका. त्या टेपकडे बघत राहिल्या.

"दुपारची आडवी पडू? सासूबाई काय म्हणतील?"

बस्स, एवढं मला पुरलं. आठवड्याने टेप जसाच्या तसा परत आला, कॅसेट सुरुवातीलाच होती. मी केसपेपरवर लिहिलं: घरात सासूचा जाच; विश्रांतीस मनाई; पेशंट दडपणाखाली. लिहिताना मला सासूचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे दिसत होता. पातळ ओठांची, कजाग, कमरेला किल्ल्या लावलेली. किल्ल्या कुठून आल्या कोण जाणे.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम गुरुवारी हॉस्पिटलात येत. त्या बुटक्या होत्या, नऊवारीत यायच्या आणि बोलायला तिखट होत्या. माझा केसपेपर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"सासूशी बोललीस?"

"नाही, पण पेशंटच म्हणाली..."

"पेशंट काय म्हणाली? 'सासू काय म्हणेल' असं विचारलंन. सासूने काय म्हटलं ते तू कधी ऐकलंस? उंटावरून शेळ्या हाकायला तुला इथे पाठवलेलं नाही. जा, घर बघून ये."

माझे कान लाल झाले. राग आला होता, आणि त्या बरोबर आहेत म्हणून आणखीच आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडुपचा डोंगर चढले. एकच खोली, दहा बाय बारा. दारात चपला काढल्या आणि पहिल्याच पावलाला थबकले, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी करून आलेला बाईंचा नवरा खोलीच्या मधोमध तोंडावर हात घेऊन गाढ झोपला होता. त्याच्या डोक्याशी स्वयंपाकाचा ओटा, पायाशी मोरी. बाई ओट्याशी उकिडव्या बसून पीठ मळत होत्या, तेही आवाज न करता. त्या खोलीत आणखी एक माणूस आडवं होणं शक्यच नव्हतं, आणि माझा टेप लावणं तर दूरच राहिलं.

दाराच्या आतल्या अंगाला, उजेडात, एक म्हातारी बसली होती. तोंडात दात नव्हते, कमरेला किल्ल्याही नव्हत्या. समोर पाटावर पिंजलेल्या कापसाचा ढीग. तिने मला हातानेच बस म्हणून खुणावलं आणि कुजबुजली, "तो टेप तूच दिलंस गो बाय? चांगलो आसा. पण वाजवची खयं? माझो झील चार वाजेपर्यंत झोपता." मग सुनेकडे मान वळवून, "हिका मी म्हटलंय, शेजारणीकडे जा नि ऐक. पण ही लाजता."

माझा सगळा केसपेपर तिथेच फाटला. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. कापसाची बारीक पुंजी ओढून घ्यायची, बोटांना किंचित राख लावायची, आणि दोन तळव्यांत एका लयीत वळायचं. वात झाली की डाव्या बाजूला. मग पुढची. बोलणं बंद झालं की म्हातारीचा श्वास ऐकू यायचा, हातांबरोबर सावकाश येणारा-जाणारा.

"तुम्हाला येतात वाती?" मी बाईंना हळूच विचारलं.

त्यांचे पीठ मळणारे हात थांबले. "माझ्या वाती यांच्यापेक्षा बारीक व्हायच्या. लग्न होऊन इलंय तेव्हा यांनीच शिकवलं. चातुर्मासात दुपारभर आम्ही दोघी वळायचो. आता नाही. दोन वर्षं हात लावला नाही कापसाला."

कारण विचारायची गरज नव्हती. रक्त कधी सुरू होईल याचा नेम नव्हता, आणि त्या घरात विटाळ पाळत. स्वयंपाकाला इलाज नव्हता, पण वाती देवाच्या. त्या दिवसांत त्यांना हात लावायचा नसतो. आणि आता सगळेच दिवस ते दिवस झाले होते. म्हातारी मान खाली घालून वळत होती. तिला ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुढच्या भेटीला मी टेप आणलाच नाही. सिस्टरकडून कापसाचा गुंडाळा मागून घेतला आणि बाईंपुढे ठेवला. "हा देवाचा नाही. दवाखान्याचा आहे. मला शिकवा वात वळायला."

त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना प्रथमच बघत होते. कापूस चिमटीत घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्या कापसाक जीव नाय." पण हात सुरू झाले. मी वळलेली पहिली वात सुरवंटासारखी झाली, ती त्यांनी उलगडून परत केली. पाचेक मिनिटांनी त्यांचं माझ्याकडे लक्ष उरलं नाही. खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली. त्यांना काही कळू न देता मी माझ्या घड्याळावर श्वास मोजत होते. मिनिटाला बावीसवरून चौदावर आले होते. "वळताना श्वास सोडा, कापूस ओढताना घ्या," एवढीच भर मी घातली, आणि तीही बहुधा त्या आपसूक करतच होत्या. वीस मिनिटांनी सिस्टरने रक्तदाबाचा पट्टा बांधला. तिने दोनदा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झकास!"

तो आनंद अजून आठवतो. मी पडद्याआड जाऊन एकटीच हसले होते. पुढे तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, ही कोणत्या पुस्तकातली पद्धत? मी म्हटलं, भांडुपच्या. मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

पण हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा वळून भागणार नव्हतं. रोज व्हायला हवं होतं, घरी, त्या खोलीत, त्या देवासमोर. म्हणजे सासूबाईंशी बोलणं आलं. मी त्यांना गुरुवारी बोलावून घेतलं आणि रात्रभर भाषण पाठ केलं. मासिक पाळी म्हणजे काय, गाठी म्हणजे काय, विटाळ ही कल्पना कशी आली. म्हातारी येऊन स्टुलावर ताठ बसली. मी दोन वाक्यं बोलले आणि तिचा चेहरा बंद होताना मला दिसला. मॅडम कोपऱ्यात बसून काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, नुसता घसा साफ केला. मी भाषण गिळलं.

"आजी," मी म्हटलं, "तुमच्या देवाचं मी काही मोडायला सांगत नाही. तुमच्या सुनेचं ऑपरेशन व्हायला हवं, आणि त्याला तिचं रक्त शांत हवं. वाती वळताना ते होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. तिला वेगळा कापूस द्या. तिच्या वाती वेगळ्या ठेवा. देवाला नका लावू. वाटलं तर दिवे गेल्यावर कंदिलाऐवजी लावा, नाहीतर टाकून द्या. फक्त तिला वळू द्या."

आणि मी पिशवीतून पत्र्याचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या पार्ल्यात वाऱ्याबरोबर कारखान्यातल्या बिस्किटांचा वास घरात यायचा आणि असे रिकामे डबे घरोघरी असायचे. आईने सुयादोरे काढून हा मला दिला होता. म्हातारीने झाकण उघडलं, आत वास घेतला.

"वास बरो आसा," ती म्हणाली. आणि उठता उठता, "बघतंय."

त्या 'बघतंय'चा अर्थ मला लागला नाही. पण पुढच्या आठवड्यात बाई आल्या त्या सांगत, सासूबाईंनी वेगळा कापूस आणून दिला. रोज दुपारी दोघी दाराशी बसतात, एकीची पितळेची डबी, दुसरीचा बिस्किटांचा डबा. नवरा झोपलेला असतो. कोणी बोलत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात रक्तदाब खाली राहिला. त्याच्याही पुढच्या आठवड्यात राहिला. फिजिशियन मला मुद्दाम थांबवून म्हणाले, "मी गोळी बदललीय, हे विसरू नका हं." मी विसरले नव्हते. कोणामुळे उतरला यावर भांडायला मला फुरसत नव्हती.

चौथ्यांदा बाई दाखल झाल्या तेव्हा मी आदल्या दिवशी त्यांना ऑपरेशन थिएटरचं दार दाखवून आणलं, आत कोण असेल, तोंडावर काय लावतील, सगळं सांगितलं. सकाळी स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही. दोन्ही हात पोटावर होते आणि बोटं रिकामीच वळत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आकडा बघितला, मान डोलावली. दार बंद झालं.

मी बाहेर बाकावर सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. नवरा खाली रक्ताच्या बाटलीच्या मागे धावत होता. म्हातारीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला कापूस होता, पण तिची एक वात धड होईना. तिसरी तुटल्यावर तिने हात मांडीवर टाकले.

"गो बाय, तिका शिकवलंस ता श्वासाचा, ता माका पण सांग."

मी सांगितलं. ओढताना घ्या, वळताना सोडा. ती माझ्या हातात कापूस देऊन म्हणाली, "तूय वळ." मग आम्ही दोघी वळत बसलो. भीती मलाही होती. आपण नसतं काही करून बाईंना त्या दारात ढकललं की काय, असं वाटत होतं, आणि ते कोणाला सांगण्याची सोय नव्हती. माझ्या वाती तिने सुनेसारख्या उलगडून परत केल्या नाहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दार उघडून थिएटरची सिस्टर आली आणि म्हणाली, "झालं. चांगली आहे." म्हातारीने दाराच्या दिशेने हात जोडले. मग खाली वाकून पिशवीतून माझा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुझो डबो."

मी उघडला. रिकामा. तळाला कापसाचे दोन तंतू तेवढे चिकटलेले. महिन्याभराच्या दुपारी त्यात होत्या, आणि टाकून द्या असं मीच सांगितलं होतं, तरी मला एकदम वाईट वाटलं.

"टाकल्या वाटतं वाती?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं वय आठवलं. "टाकतंय कित्या? देवाक लावलंय. रोज. पयल्या दिवसापासून. ती डबो भरता, मी रिकामो करतंय. आज सकाळी संपल्यो."

"पण विटाळ..."

"ता दुखणा. दुखण्याक कसलो विटाळ?" आणि मग आवाज खाली आणून, "दोन वर्षां माका सुचला नाय गो. तू डबो दिलंस, तेव्हा सुचला."

"त्यांना माहीत आहे?"

"नाय. सांगतंय आता."

संध्याकाळी बाईंना वॉर्डात आणलं. डोळे अर्धवट उघडे होते, ओठ कोरडे. मी पायाशी उभी होते, डबा काखेत धरून. सासूबाई उशाशी गेल्या, सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि कानाशी वाकून, पण साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "गो, देवाकडच्या तुझ्यो वाती संपल्यो. बरी हो नि घरी ये. वळूक होयो."

बाईंना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी 'माझ्या?' अशी नुसती ओठांची हालचाल केली. म्हातारीने मान हलवली. मग बाईंच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळायला लागलं, आणि सिस्टर रक्तदाबाचा पट्टा घेऊन आली होती ती म्हणाली, "थांबते मी जरा."